तंबूएवढ्या जागेचा हिशेब

दोन माणसांचा तंबू जमिनीवर साधारण चार चौरस मीटर जागा घेतो. पवनेच्या काठावर, भंडारदऱ्याला, मुळशीला, बामणोली-तापोळ्याला ही जागा एका रात्रीपुरती माणशी हजार-दीड हजार रुपयांत मिळते. सोबत चहा, कांदेपोहे, शेकोटी आणि शेजारच्या ग्रुपच्या स्पीकरवरची गाणी. गाणी न मागता मिळतात. सकाळी धुकं, पाणी आणि पाण्यात पडलेला तुंगचा किंवा रतनगडाचा सुळका यांचे फोटो काढून मंडळी घरी परततात. सह्याद्रीतल्या डोंगर-तळ्यांच्या या पट्ट्यावर इतके फोटो निघालेत की दृश्य आता सगळ्यांना पाठ आहे. आकडे मात्र कुणी मोजत बसत नाही, आणि माझ्या मते या जागांची खरी गंमत आकड्यांत आहे. म्हणून तंबूची ती चार चौरस मीटर जागा हेच माप धरू. तिच्यासमोर पाणी किती, तिच्यावर पाऊस किती, तिच्याखाली दगड किती?

सुरुवात पाण्यापासून. पावसाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत धरणांचा तक्ता येतो. नाव, क्षमता, आजचा साठा, टक्केवारी. तो वाचायची सवय असलेल्या माणसालाही 'टीएमसी' म्हणजे डोळ्यांपुढे काय आणायचं ते ठाऊक नसतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. भंडारदऱ्याचं विल्सन धरण प्रवरेवर १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. उंची ८२ मीटर, म्हणजे सत्तावीस मजली इमारतीएवढी. त्यामागच्या जलाशयाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसीहून किंचित जास्त. लिटरमध्ये सुमारे ३१,२५९ कोटी. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. हे पाणी त्या सगळ्यांत वाटलं तर माणशी पावणेतीन हजार लिटरहून थोडं अधिक येतं. दिवसाला १३५ लिटर या सरकारी मापाने अख्ख्या राज्याला वीस दिवस पुरेल एवढं. शेंडीपासून मुरशेत, पांजरे, रतनवाडीपर्यंत काठाकाठाने जे तंबू लागतात, त्यांच्यापुढे रात्रभर हे राज्याचं वीस दिवसांचं पाणी उभं असतं.

आता भंडारदरा हे तसं लहान धरण झालं. दक्षिणेला कोयनेकडे जा. शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ २ लाख ९८ हजार कोटी लिटर. इथे डोकं चालेनासं होतं, म्हणून मुंबई घेऊ. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता महापालिका १४,४७,३६३ दशलक्ष लिटर सांगते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी हे सातही काठोकाठ भरले आणि सगळे कोयनेत ओतले, तर कोयना निम्मीसुद्धा भरत नाही. मुंबईची रोजची गरज ३८५ कोटी लिटर धरली, तर एकटी कोयना त्या शहराला सलग ७७४ दिवस पाणी देईल. दोन वर्षं आणि वर दीड महिना. भंडारदरा ८१ दिवस देईल.

हेही लहान वाटत असेल तर जग घेऊ. पृथ्वीवर आठशे कोटी माणसं आहेत. कोयनेचं पाणी सगळ्यांत सारखं वाटलं, पाटणच्या शेतकऱ्यापासून पेरूमधल्या कोळ्यापर्यंत, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३७२ लिटर येतं. वजनाने पाहिलं तर हे पाणी २९८ कोटी टन भरतं. लहानथोर धरून माणसाचं सरासरी वजन पन्नास किलो मानलं, तर जगातली यच्चयावत माणसं मिळून ४० कोटी टन होतात. तापोळ्याच्या काठावर चहा पिणाऱ्या माणसासमोर साऱ्या मानवजातीच्या सातपट वजन पसरलेलं असतं, आणि तो म्हणतो, "किती शांत आहे ना इथे!"

(असल्या हिशेबांत एक लिटरच्या बाटल्या ओळीने मांडायची फार जुनी खोड आहे. मांडल्याच, तर कोयनेच्या बाटल्यांची ओळ ७४ कोटी किलोमीटर भरते. गुरू आपल्या सर्वांत जवळ येतो तेव्हा त्याच्याही पलीकडे. पण याने समजत काहीच नाही. गुरू कुठे आहे ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?)

हे जलाशय थाळीसारखे पसरट नाहीत. त्या बुडालेल्या दऱ्या आहेत. कोयनेचा फुगवटा सुमारे पन्नास किलोमीटर आत शिरलेला आहे आणि त्याचा आकार पानाच्या शिरांसारखा आहे. ज्या ज्या ओढ्याची घळ होती, तिच्यात पाणी घुसलं. म्हणून काठावर उभं राहिलं की समोरचा डोंगर जितक्या उताराने पाण्यात उतरताना दिसतो, तितक्याच उताराने तो पाण्याखालीही जात असतो. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर पाण्यात पडतं ते यामुळे. कॅम्पवाले लाइफ जॅकेटचा आग्रह धरतात तेव्हा कुरकुरू नये.

आणि दरी बुडाली म्हणजे गावं बुडाली. मुळशीला टाटांचं धरण होणार होतं तेव्हा पन्नासहून अधिक गावांच्या जमिनींसाठी मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले ते या लढ्यातून. लढा हरला, धरण झालं, आणि आज त्याच पाण्याच्या काठी 'लेक व्ह्यू'चा दर वेगळा लागतो. पवना धरण १९७२चं, क्षमता साडेआठ टीएमसी. उन्हाळ्यात त्याचं पाणी ओसरलं की वाघेश्वराचं प्राचीन मंदिर बाहेर येतं आणि पावसाळा सुरू झाला की पुन्हा बुडतं. उघड्या पडलेल्या गाळावर काठचे लोक गाळपेर करतात. ऑक्टोबरात तंबू लावला तर पाणी पावलांपाशी, एप्रिलमध्ये लावला तर पाण्यापर्यंत चालत जावं लागतं. जाहिरातीतला फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते बुकिंगआधी विचारावं.

हे सारं पाणी येतं वरून, तेही जेमतेम शंभर दिवसांत. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मिलिमीटर हे फसवं माप आहे, फार सोज्वळ वाटतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे आपल्या तंबूएवढ्या चार चौरस मीटरवर वर्षात २२ हजार लिटर पाणी पडतं, दहा हजारी टँकर दोन आणि वर थोडं. तेच महाबळेश्वर सोडून घाट उतरून तीस-पस्तीस किलोमीटरवर वाईला आलं, की पाऊस सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. ढग तेच, वारा तोच. मधल्या डोंगराने पाणी आधीच काढून घेतलेलं असतं.

२२ जुलै २०२१ला महाबळेश्वरने कमाल केली. चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. आपल्या तंबूच्या जागेवर एका दिवसात २,३७६ लिटर. आता याची दुसरी बाजू बघा, माझ्या मते या लेखातली सर्वांत अचाट. पाऊस पडण्याआधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि लिटरभर पाण्याची वाफ करायला जवळपास २४.५ लाख ज्यूल उष्णता लागते. एका तंबूवर एका दिवसात पडलेल्या त्या पावसाची वाफ करायला समुद्राने सूर्याकडून जी उष्णता घेतली, ती विजेच्या भाषेत १,६०० युनिट भरते. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची दहा-अकरा महिन्यांची वीज. एका तंबूवर! कोयनेचं पाणलोट क्षेत्र आहे जवळपास ८९२ चौरस किलोमीटर. तसा पाऊस साऱ्या पाणलोटात पडला, तर एका दिवसात १८ टीएमसीहून अधिक पाणी कोसळेल. दीड भंडारदऱ्याहून जास्त, चोवीस तासांत. म्हणून जुलैत काठावर तंबू लावू नये, एवढंच.

डोंगरावर पडलेलं हे पाणी खरं तर पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेलं असतं. कृष्णा लवादाने कोयनेतलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून जातं, पोफळीच्या बाजूला पावणेपाचशे मीटर खाली पडतं, आणि शेवटी वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. यासाठी जलाशयाला पाण्याखालून भोक पाडावं लागलं, धरण रिकामं न करता. 'लेक टॅपिंग' म्हणतात त्याला. १९९९च्या मार्चमध्ये एकदा आणि २०१२च्या एप्रिलमध्ये पुन्हा, वर पाणी असताना खालून बोगदा नेत नेत शेवटचा खडक सुरुंगाने उडवला.

आता छोटा हिशेब. लिटरभर पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडलं आणि गळती-घर्षण वजा केलं, तर नऊ वॉटचा एलईडी दिवा पावणेआठ मिनिटं जळतो. एक युनिट विजेला ८५० ते ८६० लिटर लागतात. कॅम्पवर तंबू लागायच्या आधी जिथे गर्दी होते ती जागा म्हणजे प्लगबोर्ड. तिथे एक मोबाइल रिकाम्याचा पूर्ण चार्ज झाला, तर कोयनेचं बादलीभर, तेराएक लिटर पाणी सह्याद्रीवरून उडी मारतं. भंडारदऱ्याशेजारच्या घाटघरला तर याहून मजेशीर प्रकार चालतो. तिथे घाटमाथ्यावर एक धरण आणि चारशे मीटर खाली कोकणात दुसरं. रात्री विजेची मागणी घटली की खालचं पाणी पंपाने वर चढवतात, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात, अडीचशे मेगावॉटपर्यंत. साम्रद-रतनवाडीत झोपलेल्या मंडळींच्या उशाशी नदी उलटी वाहते म्हणा ना.

पाण्याचे आकडे इथवर. ते मोठे आहेत, पण माणसाने केलेले आहेत, आणि पन्नास-शंभर वर्षांतले आहेत. खरा मामला तंबूच्या खाली आहे.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे शाळेत शिकवतात. किती लाव्हा, हे शिकवत नाहीत. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भारताच्या या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दिसतो, महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक. सुरुवातीला तो मिळून दहा लाख घन किलोमीटरच्या घरात असावा, असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. घन किलोमीटर ही काय चीज आहे? भरलेली कोयना म्हणजे तीनपेक्षा किंचित कमी घन किलोमीटर. तर दहा लाख घन किलोमीटर लाव्ह्याने तीन लाख पस्तीस हजार कोयना भरतात. हाच लाव्हा आजच्या भारतावर सारखा पसरवला, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, तर तीनशे मीटर जाडीचा थर होईल. नुसत्या महाराष्ट्रावर ओतला तर सव्वातीन किलोमीटर. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवा, तेवढी जाडी. एकेका उद्रेकात हजार घन किलोमीटरहून अधिक लाव्हा बाहेर पडला असावा. काही प्रवाह तर पार हजार किलोमीटर वाहत आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. माणसाने नोंदवलेल्या मोठ्या लाव्हा-उद्रेकांपैकी एक म्हणजे आइसलँडचा १७८३चा लाकी. त्याने देशाची पाचवा हिस्सा लोकसंख्या दगावली, आणि त्यातून निघालेला लाव्हा होता पंधरा घन किलोमीटर.

इथवर वाचून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. धगधगता लाल महापूर, आकाश काळं, पृथ्वी फाटलेली. मी पण तेच चित्र घेऊन बसलो होतो. मग भागाकार केला.

या लाव्ह्याचा बहुतेक भाग बाहेर पडायला सुमारे साडेसात लाख वर्षं लागली, असं खडकांच्या वयमापनातून निघालं आहे. दहा लाख घन किलोमीटर भागिले साडेसात लाख वर्षं, म्हणजे वर्षाला सरासरी १.३३ घन किलोमीटर. सेकंदाला ४२ घनमीटर. आणि धरणवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर १,४९० क्युसेक.

पुन्हा वाचा. चौदाशे नव्वद क्युसेक! 'कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग सुरू' ही बातमी पावसाळ्यात आतल्या पानावर दोन ओळींत येते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पृथ्वीच्या इतिहासातल्या सर्वांत प्रचंड ज्वालामुखींपैकी एकाचा सरासरी विसर्ग त्याहून कमी होता. या दराने लाव्हा सोडला असता तर कोयनेचा जलाशय भरायला सव्वादोन वर्षं लागली असती. कोयना पावसाने एका हंगामात भरते.

सह्याद्री मोठा झाला तो जोरावर नाही, वेळेवर. हे कळल्यावर बाकीचे आकडे वेगळे दिसू लागतात. घाटातल्या सगळ्या थरांची जाडी एकावर एक मांडली तर तीन किलोमीटरच्या वर जाते. साडेसात लाख वर्षांत तीन किलोमीटर म्हणजे वर्षाला चार मिलिमीटर. माणसाच्या हाताची नखं महिन्याला तीनएक मिलिमीटर वाढतात. म्हणजे आपण नेलकटरने जे कापून टाकतो, ते सह्याद्रीपेक्षा नऊ पट वेगाने वाढतं.

अर्थात सरासरी ही सरासरीच. लाव्हा वर्षाला चार-चार मिलिमीटर असा हप्त्याने आला नाही. एक प्रवाह यायचा, वीस मीटर जाडीचा थर टाकून जायचा, आणि मग सामसूम. वीस मीटरला वर्षाला चार मिलिमीटरने भागा. दोन थरांमधली सरासरी सामसूम पाच हजार वर्षांची निघते. पाच हजार वर्षं म्हणजे हडप्पाची नगरं वसली तेव्हापासून तुम्ही ही ओळ वाचताय तोवरचा काळ. तेवढ्यात थिजलेल्या खडकावर ऊनपाऊस होऊन माती तयार व्हायची, झाडोरा यायचा, आणि मग पुढचा प्रवाह तो सगळा भाजून काढायचा. घाटातल्या काळ्या कड्यांमध्ये मधूनच विटकरी रंगाचा आडवा पट्टा दिसतो, तीच ती भाजलेली माती. तंबूतून बाहेर येऊन समोरच्या कड्याकडे बघताना बहुतेकांची नजर काळ्या भिंतीवर जाते. वेळ मात्र सगळा त्या हातभर लाल पट्ट्यांत गेलेला आहे.

भूशास्त्रज्ञांनी या थरांना नावं दिली, ती सगळी आपल्या भटकंतीची ठिकाणं आहेत. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या डेपोतला बोर्ड वाचल्यासारखं वाटतं, पण जगभरच्या शोधनिबंधांत ही नावं अशीच छापली जातात. थर किंचित दक्षिणेकडे कललेले आहेत, त्यामुळे सर्वांत जुने उत्तरेला वर आलेले दिसतात आणि दक्षिणेला जाल तसे तरुण. याचा परिणाम विचित्र आहे. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक कळसूबाई, पण ते थरांच्या खालच्या, जुन्या गटाचं. महाबळेश्वरचं पठार तिच्याहून जवळपास पावणेतीनशे मीटरने बुटकं, पण त्याचा दगड वरच्या थरातला, लाखो वर्षांनी धाकटा. भंडारदऱ्याहून निघून पवना, मुळशी करत तापोळ्याला जाणारा माणूस नकाशावर दक्षिणेला जातो, आणि दगडांच्या वयात पुढे सरकतो. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ती कुप्रसिद्ध उल्का पडली आणि डायनोसॉर संपले, ते हे थर साचत असतानाच. तिच्या आधीही लाव्हा येत होता, नंतरही येत राहिला.

या दगडाची जाडी कुणी आत शिरून मोजली का? मोजली. कोयना परिसरात गोठणे इथे २०१७पर्यंत तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाचं काम, प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला. तिथे लाव्ह्याचा दगड सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला, आणि खाली लागला अब्जावधी वर्षांपूर्वीचा मूळ खडक. आपल्या तंबूचं माप तिथे लावू. चार चौरस मीटर गुणिले सव्वा किलोमीटर म्हणजे पाच हजार घनमीटर, म्हणजे चौदा हजार टनांहून अधिक काळा पाषाण, एका तंबूखाली. पाठीला टोचतो तो खडा त्याचाच एक तुकडा.

भोक पाडलं ते उगीच कुतूहल म्हणून नाही. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशय भरू लागल्यावर त्या भागात धक्के सुरू झाले होते. जलाशयामुळे चाळवले गेलेले जे भूकंप जगात नोंदले गेले आहेत, त्यांत हा सर्वांत मोठा मानतात. तेव्हापासून आजवर लहानमोठे एक लाखाहून अधिक धक्के तिथे नोंदले गेले. २९८ कोटी टनांपैकी बरंचसं पाणी दरवर्षी भरायचं आणि काढायचं, म्हणजे खालच्या भेगांवरचा दाब दरवर्षी वाढवायचा आणि उतरवायचा. सह्याद्रीला तीन किलोमीटरचे थर रचायला साडेसात लाख वर्षं लागली. आपण त्याच्यावर मानवजातीच्या कित्येक पट वजन एका हंगामात चढवतो, आणि उन्हाळ्यापर्यंत बरंचसं उतरवतो. खालून कुणी कुरकुरलं तर नवल ते काय!

रात्री कॅम्पवरचा जनरेटर बंद झाला आणि चंद्र नसला, तर आणखी एक हिशेब करता येतो. नोव्हेंबरात शर्मिष्ठेच्या जवळ, काळोखाला डोळे सरावले की, फिकट धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या गोष्टींत सर्वांत दूरची. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. लोक 'केवढं जुनं!' म्हणून वर बघत राहतात. तंबूखालचा दगड त्या प्रकाशाच्या सव्वीसपट जुना आहे. जुनं बघायचं तर मान खाली घालायला हवी.

आता मत विचाराल तर सांगतो. गर्दी नको असेल तर पवना शनिवारी टाळावं. तिथे किल्ले छान दिसतात, पण माणसं जास्त. भंडारदऱ्याला ऑगस्टमध्ये धरण भरण्याची बातमी ऐकून धावणाऱ्यांच्या मागे न लागता नोव्हेंबर-डिसेंबरात रतनवाडीच्या बाजूला जावं. अमृतेश्वराचं मंदिर याच काळ्या दगडातलं आहे, आणि त्याच्यावरचं कोरीवकाम बघायला तेव्हा निवांत वेळ मिळतो. कोयनेच्या बाजूला बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाता येतं, पण तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परवानगी काढावी लागते, संध्याकाळच्या आत परतावं लागतं, किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही. तंबू अलीकडच्या काठावरच.

आणि परतताना कोकणातून मुंबईला जायचं असेल, तर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावं. चाळीसएक किलोमीटरचा रस्ता, बाराशे मीटरांहून अधिक उतार. महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर ही त्या यादीतल्या वरच्या तीन थरांची नावं याच वाटेवरची आहेत. वर्षाला चार मिलिमीटर या दराने बाराशे मीटर म्हणजे तीन लाख वर्षं, आणि गाडीला लागतात सव्वा तास. दर मिनिटाला चार हजार वर्षं मागे. चालवणाऱ्याने वळणांकडे बघावं, बाकीच्यांनी डोंगराच्या बाजूची खिडकी घ्यावी आणि विटकरी पट्टे मोजावेत. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, रस्ता कधी कधी बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी.